गरम सीट, गार सीट आणि दहा किलोओहमचं कोडं

तेल्हाऱ्यात, तेही ऐन मे महिन्यात, कुणी गाडीची सीट गरम करतं का हो? हसलात ना? मीही हसले होते.

माझं आजोळ तेल्हारा. अकोला जिल्ह्याचं उत्तरेकडचं टोक, कापसाचा मुलूख. इथला उन्हाळा म्हणजे काय ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. मे २०२४ मध्ये तर उन्हामुळे अकोला जिल्ह्यात जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं होतं! अशा गावात माझ्या मामाने एक सेकंडहँड गाडी घेतली. गाडीच्या पुढच्या दोन्ही सीट गरमही होतात आणि त्यांच्यातून गार हवाही येते. "मॅडम, टॉप मॉडेल आहे," असं विकणाऱ्याने मामीला चार वेळा सांगितलं म्हणे.

पण मामाने गाडी शौक म्हणून घेतली नव्हती. माझ्या आजीला डायबिटीस आहे आणि आता किडनीचं दुखणं. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी तिला अकोल्याला न्यावं लागतं. एस.टी.चा प्रवास तिला झेपत नाही. आता गंमत बघा. डायलिसिस झाल्यावर आजीला हुडहुडी भरते. बाहेर ४५ अंश, आणि आजी शाल घट्ट लपेटून बसलेली. म्हणजे एकाच गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर हिवाळा हवा आणि शेजारच्या सीटवर उन्हाळा हवा. गाडीत दोन्हीची सोय होती. फक्त दोन्ही बिघडलेल्या होत्या.

मामाच्या सीटचा पंखा लागायचा, आवाज यायचा, हवा मात्र नाही. आजीची सीट तापायची, पण मामाच्या शब्दांत "जरा जास्तच तापते." सर्व्हिस सेंटरवाल्यांनी कॉम्प्युटर लावून बघितला आणि दोन्ही सीट बदलायला सांगितल्या. आकडा ऐकून मामा गप्पच झाला. मग सुट्टीत मी घरी दिसल्यावर तो म्हणाला, "पोरी, तुमच्या कालेजात हेच शिकवतात ना वो? मंग पाय बरं एकदा."

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी असं अर्धं-कच्चं, आणि तीन वर्षं इंजिनिअरिंग करून माझं इंजिनिअरिंगही तसंच. तरी मल्टिमीटर काढला. पुढे जे झालं ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. पण आधी थोडी थिअरी. घाबरू नका, व्हायव्हा घेणार नाही.

सीट गरम कशी होते?

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत १९६६ साली गरम सीटचा पर्याय मिळू लागला. नंतर स्वीडनच्या साबने त्या थंड देशांत ती लोकप्रिय केली. तत्त्व आपल्या घरातल्या इस्त्रीचंच. सीटच्या कव्हरखाली आणि फोमवर एक पातळ चटई असते. तिच्यात बारीक तार किंवा कार्बनचे धागे नागमोडी शिवलेले असतात. करंट सोडला की ते तापतात.

आकडे बघा. समजा चटईचा रेझिस्टन्स ३ ओहम आणि बॅटरी १२.६ व्होल्ट. ओहमच्या नियमाने करंट ४.२ अँपिअर, आणि पॉवर जवळजवळ ५३ वॅट. ऐकायला कमी वाटतं. पण हे ५३ वॅट तुमच्या अंगाला चिकटून असतात आणि वरून तुमचं वजन त्यांना दाबून धरतं. उष्णता जाणार कुठे?

म्हणून चटईत एक राखणदार बसवलेला असतो. त्याचं नाव थर्मिस्टर. तापमान वाढलं की याचा रेझिस्टन्स कमी होतो. २५ अंशाला १० किलोओहम हा त्याचा नेहमीचा आकडा. तो ३० अंशाला साधारण ८ वर येतो, चाळिशी ओलांडली की निम्म्यावर, आणि ५० ला साडेतीन-चारच्या आसपास. कंट्रोल मॉड्यूल हा आकडा सारखा वाचत असतो. "झालं तापून," असं कळलं की करंट तोडतो, थोडं निवलं की पुन्हा जोडतो. आता हा राखणदार आंधळा झाला तर काय होईल? तिकडे येऊच.

आणि गार कशी होते?

इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. आपल्याकडे २०१७ च्या ह्युंदाई व्हर्नापासून ही सोय मध्यम किमतीच्या गाड्यांत दिसू लागली. मग २०१९ ला किया सेल्टॉस, २०२२ ला मारुतीची एक्सएल-सिक्स, त्याच वर्षी टाटा नेक्सॉन. जाहिरातीत सीट "कूल" असते. पण आपल्याकडच्या अशा बहुतेक सीटमध्ये थंड करणारं यंत्र काहीच नसतं! असतो तो फक्त छोटा ब्लोअर. फोममध्ये कोरलेल्या नळ्यांतून तो हवा फिरवतो, आणि कव्हरला असलेल्या बारीक भोकांतून ती हवा तुमच्या पाठीपर्यंत येते. काही गाड्यांत तो हवा फेकतो, काहींत ओढून घेतो.

मग गार का वाटतं? आपल्या घरच्या कूलरमुळे वाटतं तसंच. वाळ्याच्या ताटीवरचं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. इथे पाण्याच्या जागी तुमचा घाम. एक ग्रॅम घाम वाळला की सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता जाते. त्यामुळेच जुलैमध्ये दमट हवेत जसा कूलर रुसतो तशीच ही सीटही मंदावते. आणि गाडी उन्हात तापलेली असताना, एसी लावायच्या आधीच सीटचा पंखा लावला तर तो इमानदारीने गरम हवाच फिरवणार. तो बिघाड नाही, फिजिक्स आहे.

काही महागड्या गाड्यांत मात्र खरोखर थंड करणारी पट्टी असते. १८३४ साली पेल्तिए नावाच्या फ्रेंच माणसाने, जो आधी घड्याळजी होता, पाहिलं की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून करंट सोडला की एक सांधा गार होतो आणि दुसरा गरम. करंट उलटा केला की बाजू बदलतात. एकाच पट्टीने उन्हाळाही आणि हिवाळाही! पण मामाची गाडी त्यातली नव्हती. तिच्यात साधा पंखा आणि साधी चटई.

हात लावण्याआधी

सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. तो एअरबॅगचा असतो. मल्टिमीटर ओहमवर ठेवला की तो स्वतःच थोडा करंट सोडतो हे आपण विसरतो, आणि एअरबॅग उडवायला फार करंट लागत नाही. सीटचे कनेक्टर काढण्याआधी इग्निशन बंद करायचं, बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलीत तेवढी मिनिटं थांबायचं. काही गाड्यांत शेजारच्या सीटवर माणूस बसलाय की नाही हे ओळखणारा सेन्सरही गादीतच असतो. म्हणून कव्हर टराटरा उसवणं बंद!

पंख्याचा तपास

सुरुवात मामाच्या सीटपासून केली. पहिला नियम हा की आधी प्रश्न विचारायचे, पान्हा नंतर. दोन्ही सीटचे पंखे बंद आहेत की एकाचाच? दोन्ही असतील तर फ्यूज, मॉड्यूल किंवा कॉमन सप्लाय बघा. एकच असेल तर त्या सीटखाली बघा. इंजिन चालू होतं का? बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद असताना किंवा बॅटरी उतरलेली असताना ही सोय मुद्दाम बंद ठेवतात. बटणावरचा दिवा लागतो का? दिवा लागणं म्हणजे हुकूम पोचला, काम झालं असं नाही.

मामाच्या बाबतीत दिवा लागत होता, आवाजही येत होता. म्हणजे पंख्याला करंट मिळतोय, मोटर फिरतेय. मग हवा कुठे हरवली? यासाठी सगळ्यात स्वस्त इन्स्ट्रुमेंट म्हणजे कापसाची एक बट. तेल्हाऱ्यात कापसाला काय तोटा! सीटवर ठेवा आणि पंखा फुल करा. फेकणारा पंखा असेल तर बट उडेल, ओढणारा असेल तर चिकटून बसेल. आमची बट जागची हलली नाही.

कारण समोरच होतं. मामाने हौसेने जाड रेक्झिनचं सीट कव्हर चढवलं होतं, त्यावर टॉवेल! मूळ कव्हरला हजारो भोकं, आणि त्यावर बंद पिशवी. कव्हर काढलं तर बट थोडी हलली. थोडीच. मग टॉर्च घेऊन सीटखाली घुसले. (शेजारच्या काकू: "पोट्टी असून गाडीखाली शिरते, पाय माय!") ब्लोअरच्या तोंडाशी पांढरा नमदा बसला होता. मामाची दिवाळीपासून जिनिंगमध्ये ये-जा असते. कपड्यांवरची, चपलांवरची रुई गाडीत पडायची, आणि पंखा ती सीझनभर पोटात घेत होता. बॅटरी काढून, ब्लोअर बाहेर घेऊन ब्रशने साफ केला. परत बसवताना त्याची नळी फोमच्या तोंडात नीट अडकलीय ना ते बघितलं, कारण ती निसटली तर सगळी हवा सीटखालीच जाते. आता बट टुणकन उडाली. खर्च शून्य. मामा खूश, मी तर हवेतच!

साफ करूनही तुमचा पंखा फिरलाच नाही तर एक सूचना. या पंख्यांना तीन-चार वायरी असतात. एक सप्लाय, एक अर्थ, बाकी सिग्नलच्या. बॅटरीचे बारा व्होल्ट थेट सिग्नलच्या वायरला लावलेत तर चांगला पंखाही मारून टाकाल. आधी वायरिंगचा नकाशा बघा.

हीटरचा तपास, आणि माझी चूक

हवेत असल्यामुळेच पुढची चूक झाली.

आजीच्या सीटचा तपास मी रविवारी सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत केला. फ्यूज ठीक. कनेक्टर सोडवून चटईचा रेझिस्टन्स मोजला, ३ ओहमच्या थोडा वर. छान. (इथे अनंत आला तर चटई तुटलीय. गुडघा टेकून सीटवर चढलं की तारा तुटतात, म्हणून ती सवय सोडा. शून्याजवळ आला तर शॉर्ट.) एक युक्ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी. कनेक्टर सोडवून व्होल्टेज मोजलं तर ते नेहमी चांगलंच दिसतं, कारण करंट वाहतच नसतो. जोडलेल्या अवस्थेत, हीटर चालू ठेवून, मागून प्रोब लावून मोजा. समजा गंजलेल्या पिनेचा अर्धा ओहम मध्ये आला. करंट ४.२ वरून ३.६ अँपिअर होतो, चटईला १०.८ व्होल्टच मिळतात, आणि तिची पॉवर ५३ वरून ३९ वॅटवर येते. उरलेल्यातले साडेसहा वॅट त्या एवढ्याशा पिनेत जळतात. वितळलेले कनेक्टर याच्यामुळेच. आमचा कनेक्टर स्वच्छ होता.

मग थर्मिस्टरच्या दोन बारीक वायरी. मीटरने दाखवलं ९.९१ किलोओहम. पुस्तकात १०. मी जाहीर केलं, "सेन्सर ओके! मामा, सीट चांगली आहे, तुम्हाला उगाच वाटतंय."

सोमवारी आजी डायलिसिसहून त्याच सीटवर बसून आली. हुडहुडी होतीच, म्हणून मामाने हीटर एक नंबरवर लावला. सगळ्यात कमी. तेल्हाऱ्याला पोचेपर्यंत तो चालूच होता. संध्याकाळी मामीने आजीचं लुगडं बदलताना हाक मारली. मांडीच्या मागे तळहाताएवढा लाल चट्टा, मधे फोड.

"आजी, तुला चटका बसला नाही का?"

"नाही वो माय. मले काई लागलंच नाही."

डायबिटीसमुळे तिच्या पायांच्या नसा केव्हाच बधिर झाल्यात. चटका बसायला विस्तव लागत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. १९४७ साली मोरिट्झ आणि हेन्रिक्स या दोन अमेरिकन संशोधकांनी मोजून दाखवलं होतं की ४४ अंशाची वस्तू सुमारे सहा तास अंगाला लागून राहिली तर त्वचा भाजते. पुढे प्रत्येक अंशाला हा वेळ साधारण निम्मा होतो. म्हणजे ४६ ला दीड तास, ४७ ला पाऊण तास. तुम्ही-मी त्याआधी चुळबुळ करतो, बटण बंद करतो. आजीला कळतच नाही. तिचा राखणदार तो थर्मिस्टर होता, आणि त्याला मी पास केलं होतं.

त्या रात्री झोप लागली नाही. पडल्या पडल्या डोक्यात एकच आकडा, ९.९१. आणि मग लख्ख उजेड पडला. दहा किलोओहम हा २५ अंशाचा आकडा. तेल्हाऱ्यात मे महिन्यात सकाळी साडेसहाला २५ अंश आणायचे कुठून? तिशीच्या आसपास तापमान होतं. मीटरने ८ च्या जवळ दाखवायला हवं होतं! उत्तर पुस्तकाशी जुळलं म्हणून मी खूश झाले, पण ते जुळायलाच नको होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला, गाडी तीन तास उन्हात बंद ठेवून, पुन्हा मोजलं. सीटला हात टेकवत नव्हता. खरा थर्मिस्टर चारच्या खाली गेला असता. मीटरने दाखवलं ९.९०.

सकाळीही दहा आणि दुपारीही दहा. जगात असा थर्मिस्टर नसतो. वायरी हाताने चाचपत गेले तर काळ्या टेपची एक गाठ लागली. सोडवली. आत तपकिरी, काळी, नारिंगी आणि सोनेरी पट्ट्यांचा इवलासा रेझिस्टर. फर्स्ट इयरला पाठ केलेला कलर कोड, दहा किलोओहम! खऱ्या थर्मिस्टरची वायर आधी कधीतरी तुटली असणार. मॉड्यूलने बिघाड ओळखून हीटर बंद केला असणार, जे त्याने बरोबरच केलं. मग कुणीतरी "चालू करून देतो" म्हणत रुपया-दोन रुपयांचा रेझिस्टर तिथे जोडून दिला. मॉड्यूलला वाटतं सीट कायम २५ अंशावर आहे. मग एक नंबर काय आणि तीन नंबर काय, तो बिचारा करंट तोडतच नाही. कॉम्प्युटरवरही कोड दिसत नाही, कारण आकडा तर "नॉर्मल" आहे.

मग काय केलं?

सगळ्यात आधी आजीला डॉक्टरांकडे नेलं. डायबिटीसमध्ये छोटा फोडही छोटा नसतो. ड्रेसिंग झालं, जखम तीन आठवड्यांनी भरली. सीटच्या हीटरचा कनेक्टर मी त्याच दुपारी सोडवून, टेप लावून बांधून ठेवला. सीट बदलायची गरज नव्हती. गादीची सेन्सरसकट चटई नवीन मागवली. ती बसवायला कव्हराच्या तारेच्या कड्या कापाव्या लागतात आणि चटई फोमवर सुरकुती न पडता चिकटवावी लागते, कारण सुरकुती पडली की तिथेच जास्त तापते. ते काम मी केलं नाही. अकोल्याच्या एका जाणकार कारागिराकडून करून घेतलं, आणि नंतर सकाळी व दुपारी दोन्ही वेळा सेन्सर मोजला. सकाळी ८.१, दुपारी ३.८. इतका सुंदर आकडा मी सेमिस्टरच्या मार्कलिस्टमध्येही पाहिला नाही!

तरी आजीसाठी हीटर लावायचा नाही, हे आम्ही घरात ठरवून टाकलं. ज्याला चटका कळत नाही, म्हणजे जुना डायबिटीस, लकवा किंवा पाठीच्या कण्याची इजा, त्याला सीट चांगली असली तरी गरम करून देऊ नका. आजी आता परत येताना गोधडी घेऊन बसते. तिच्या बाजूची एसीची हवा मामा बंद करतो. पुरतं तेवढं.

मित्रमैत्रिणींनो, या सगळ्यातून मी काय शिकले? ओहमचा नियम तर बारावीलाच शिकले होते. शिकले ते हे, की रीडिंग घेताना त्या वेळी, त्या जागी किती यायला हवं हे आधी कागदावर लिहायचं आणि मग मीटर लावायचा. आपण लॅबमध्ये उलटं करतो. आधी मागच्या बॅचच्या जर्नलमधून उत्तर बघतो आणि मग आपलं रीडिंग "जुळवतो." मार्क मिळतात. पण जर्नलच्या दुसऱ्या टोकाला कुणाची आजी बसलेली नसते.

आणि दुसरं, मामाला "जास्तच तापते" असं वाटत होतं. त्याच्याकडे मीटर नव्हता, पण तो बरोबर होता. वापरणाऱ्याचं म्हणणं हेसुद्धा एक रीडिंगच असतं.

तो तपकिरी-काळा-नारिंगी रेझिस्टर मी फेकला नाही. माझ्या कंपास बॉक्समध्ये आहे. कधी "ओके" म्हणायची फार घाई झाली की झाकण उघडून बघते.